जोडीदाराला गुण नकोत, नजर द्या

माननीय संपादक,

प्राथमिक शाळेतल्या जिम्नॅस्टिक्सच्या तासाला मुलांनी एकमेकांची कामगिरी पाहून अभिप्राय द्यावा, ही पद्धत मुळात उत्तम आहे. मात्र मुलांच्या हाती तक्ता देऊन 'जोडीदाराला दहापैकी गुण द्या' असे सांगितले, की ती फसते. सात गुण मिळालेल्या मुलाला पुढच्या खेपेला काय बदलायचे हे कळत नाही आणि देणाऱ्यालाही ते सात कशाचे, हे सांगता येत नाही. मैत्री असेल तर नऊ, काल भांडण झाले असेल तर चार.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले पंचसुद्धा एका नजरेत सगळे पाहत नाहीत. काठिण्य पाहणारे वेगळे, सफाई पाहणारे वेगळे. चुकीप्रमाणे ०.१, ०.३ किंवा ०.५ आणि पडल्यास पूर्ण १ गुण वजा होतो. तरीही मतभेद राहतात, म्हणून सफाईच्या गुणांतले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून सरासरी काढतात. हे काम आठ वर्षांच्या मुलाकडून कसे व्हावे? त्याला एकच गोष्ट पाहायला सांगावी, अशी की जिचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच असेल.

पुढच्या दिशेने मारायची कोलांटउडी घ्या. पाहणाऱ्याला प्रश्न एकच: मॅटला टाळू टेकला की मानेजवळचा, डोक्याचा मागचा भाग? हे समोरून दिसत नाही. पाहणाऱ्याने बाजूला, मॅटपासून दोन हात लांब, गुडघ्यांवर बसावे म्हणजे नजर डोक्याच्या पातळीला येते आणि कोलांटी तिरकी गेली तरी अंगावर येत नाही. हनुवटीखाली घडी घातलेला रुमाल धरायला लावला तर काम आणखी सोपे होते. डोके टेकण्याआधीच रुमाल पडला, तर हनुवटी सुटली. सहा-सात वर्षांचे मूलही हे बिनचूक सांगते.

आता टाळू का टेकतो? पुष्कळदा 'मान आत घे' एवढेच ओरडून सांगितले जाते आणि मूल मान आत घेऊनही टाळूवरच येते. कारण मानेत नसते, पायांत असते. गुडघे वाकलेलेच राहिले, कंबर वर उचललीच गेली नाही, तर डोक्याला आत सरकायला जागाच उरत नाही. तळहात खांद्यांएवढ्या अंतरावर टेकून दोन्ही पायांनी एकदम रेटा दिला आणि पाय जवळजवळ सरळ झाले, की कंबर डोक्याच्या वर येते आणि पाठ आपोआप गोल होते. कोलांटी एका बाजूला कलत असेल तर बहुतेक वेळा एक तळहात पुढे-मागे पडलेला असतो किंवा एकाच हातावर भार गेलेला असतो. शेवटी हात टेकून उठावे लागत असेल, तर अंगाची गुंडाळी लवकर सुटलेली असते आणि टाचा नितंबांपासून लांब पडतात. हे तीन दोष तीन वेगवेगळ्या तासांना पाहायचे. एका फेरीत तिन्ही विचारले, की मुले पुन्हा 'छान' आणि 'बरं' यांवर येतात.

कार्टव्हीलला, म्हणजे हातांवरून चाकासारखे बाजूला फिरण्याला, तर डोळ्यांइतकेच कान उपयोगी पडतात. हात, हात, पाय, पाय असे चार सुटे ठोके ऐकू आले पाहिजेत. दोन हात एकदम टेकले तर तीनच ठोके येतात. पातळ मॅटवर हा फरक स्पष्ट कळतो. पहिली-दुसरीच्या वर्गात मात्र सुरुवात एका पायावरच्या तोलापासून करावी. जोडीदाराने सावकाश तीनपर्यंत मोजायचे आणि टेकलेला पाय हलला का, एवढेच सांगायचे.

जोडीने शिकण्याची ही रीत अमेरिकेतल्या मुस्का मॉस्टन यांनी १९६०च्या दशकात नीट मांडली. तिचा कणा असलेला नियम शाळांत सर्वांत जास्त मोडला जातो: शिक्षकाने करणाऱ्याला नव्हे, पाहणाऱ्याला विचारायचे. 'तुला काय दिसलं? टाळू की मागचा भाग?' शिक्षक थेट करणाऱ्याला सुधारू लागले, की पाहणारे मूल पाहायचे सोडून देते. अभिप्रायही दर खेपेला नको. तीन प्रयत्न झाल्यावर आधी करणाऱ्याने स्वतःला काय जाणवले ते सांगावे, मग जोडीदाराने. दर वेळी बाहेरून उत्तर मिळाले, तर स्वतःच्या अंगाकडे लक्ष द्यायची सवय लागत नाही.

'एवढ्या मुलांत वेळ कुठून आणायचा?' ही तक्रार खरी आहे. पण चाळीस मुलांची एकच रांग, एक मॅट आणि प्रत्येकी पंधरा सेकंद धरले, तर एका फेरीला दहा मिनिटे जातात. मूल बाकीचा वेळ उभेच असते. पाच मॅट अंथरून आठ-आठ जणांचे गट केले, तर तीच फेरी दोन मिनिटांत होते आणि थांबलेल्या मुलालाही पाहण्याचे काम मिळते.

काही गोष्टी जोडीदारावर कधीही सोपवू नयेत. हात धरून किंवा पाय उचलून आधार देणे हे शिक्षकाचेच काम. वरून येणारा भार लहान मुलाला पेलत नाही आणि दोघांनाही इजा होते. मागची कोलांटी मानेवर भार टाकते, म्हणून ती शिक्षकाने प्रत्येकाची तपासल्याशिवाय जोडीत देऊ नये. मॅट सरकलेली दिसली, की 'थांब' म्हणायचा हक्क मात्र पाहणाऱ्याला हवाच. आणि बोलायचे ते हात, पाय, पाठ यांच्या हालचालीबद्दल; कोण जाड, कोण भित्रे, याबद्दल एक शब्दही नको. असा एक शब्द ऐकलेले मूल पुढच्या तासाला रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते.

शाळांना एक विनंती आहे. मुलांनी भरलेले हे 'हो-नाही'चे तक्ते गुणपत्रकासाठी गोळा करू नका. ते मॅटपाशीच राहू द्या आणि पुढच्या तासाला त्याच जोडीच्या हातात द्या, म्हणजे मागच्या वेळी टाळू टेकला होता की नाही, हे दोघांना तिथेच पाहता येईल.

— जिम्नॅस्टिक्सचे एक प्रशिक्षक