तेल नॅचरल आहे, पण पार्सल रॉकेलच्या जातीचं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत घरबसल्या सुगंधी तेलाचा धंदा कसा करायचा यावर पूर्ण पान आलं होतं. पान चांगलं होतं, गवती चहाची लागवड, डिस्टिलेशनचं युनिट, बाटल्या, लेबल, इन्स्टाग्रामला फोटो कसे टाकायचे, सगळं होतं, आणि शेवटी एकच ओळ, कुरिअरने भारतभर पाठवा म्हणून. त्या ओळीच्या पुढचं सगळं माझ्या काउंटरवर येतं म्हणून लिहायला बसलोय. मी नागपुरात एका कुरिअर कंपनीची फ्रँचायझी चालवतो, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दुकान अजून चालवायचंय.

पान छापून आलं आणि त्याच आठवड्यात एक ताई संत्र्याच्या सालीच्या तेलाच्या बाटल्या घेऊन आल्या, पुण्याला एअरने पाठवायच्या होत्या. मी म्हटलं एअरला जाणार नाही, तर म्हणाल्या अहो नॅचरल आहे, केमिकल नाहीये काही. हे वाक्य मी रोज ऐकतो. नॅचरल आहे हे बरोबरच आहे, पण आग नॅचरल आणि केमिकल असा भेदभाव करत नाही. तेलावरची वाफ ठिणगी लागली की ज्या तापमानाला पेट घेते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात, आणि जगभरच्या वाहतुकीच्या नियमात ६० डिग्रीपर्यंत फ्लॅश पॉइंट असलेला द्रव म्हणजे क्लास ३, ज्वलनशील. संत्र्याच्या तेलाचा हा आकडा पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान असतो. घरातलं रॉकेल घ्या, आपल्याकडच्या मानकात त्याचा फ्लॅश पॉइंट कमीत कमी ३५ असावा असं आहे. म्हणजे त्या छोट्या सुंदर ब्राऊन बाटलीत जे आहे ते रॉकेलच्या फार लांबचं नातेवाईक नाही. आता आमच्याकडचा मे महिना आठवा, बाहेर पंचेचाळीस, आणि बंद कंटेनर उन्हात उभा असेल तर आत किती होत असेल ते सांगायला नको, झाकण सैल असेल तर त्या हवेत फक्त ठिणगीच बाकी असते.

पण म्हणून सगळीच तेलं एका माळेत ओवायची का, तर नाही, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. टर्पेंटाइन साधारण ३५ च्या आसपास, नीलगिरी पंचेचाळीस-पन्नासला, टी ट्री साठच्या आतबाहेर. पण गवती चहाचं तेल सत्तरच्या वर जातं, आणि लवंग, वाळा, चंदन, रोशा गवत ही तर नव्वदच्या घरातली किंवा त्याच्याही वरची, ती क्लास ३ मध्ये बसतच नाहीत. त्यातली काही पाण्यातल्या जिवांना घातक म्हणून क्लास ९ मध्ये, म्हणजे इतर धोकादायक मालात येतात, यूएन ३०८२ या आंतरराष्ट्रीय नंबरखाली, पण तिथेही एका बाटलीत पाच लिटरपर्यंतच असेल आणि पॅकिंग नीट असेल तर सूट आहे. म्हणजे ज्या गवती चहावर तुम्ही अख्खं पान छापलं ते तेल कागदोपत्री बऱ्यापैकी सरळ जाऊ शकतं, आणि संत्र्याचं नाही. काउंटरवर मात्र दोघांना एकच उत्तर मिळतं, ऑइल आहे ना, नाही घेत.

किंवा मग दुसरं उत्तर मिळतं, ते जास्त वाईट. 'ऑइल लिहू नका, कॉस्मेटिक लिहा.' हे मी बाहेरच्या लोकांबद्दल नाही, आमच्याच लाइनबद्दल सांगतोय, बुकिंग सोडायचं नसतं, टार्गेट असतं, आणि गिऱ्हाईक पण खूश. पार्सलवर हर्बल प्रॉडक्ट, आयुर्वेदिक सॅम्पल, गिफ्ट आयटम असं काहीही लिहिलेलं असतं, आणि एक्स-रेमध्ये बाटल्या दिसल्या की पार्सल अडतं, पाच-सहा दिवसांनी रिटर्न येतं आणि गिऱ्हाईक येऊन आमच्यावरच ओरडतं. पण रिटर्न येणं हा त्यातला चांगला शेवट आहे. न अडता विमानाच्या पोटात गेलं तर पायलटला माहितीच नसतं की खाली काय ठेवलंय.

ज्यांना हे घाबरवणं वाटतं त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. ३ नोव्हेंबर १९७३ ला पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीचं एक मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालं होतं, वाटेत धूर झाला म्हणून बॉस्टनला उतरवायला गेले आणि तिथेच पडलं, तिघेही कर्मचारी गेले. मालात नायट्रिक अ‍ॅसिडच्या काचेच्या बाटल्या होत्या आणि त्या भरल्या होत्या लाकडाच्या भुशात. अ‍ॅसिड गळलं, भुसा पेटला. ते अ‍ॅसिड होतं, आपलं तेल आहे, मान्य, पण लाकडाचा भुसा आपल्याकडे आजही बाटल्यांभोवती भरतात, स्वस्त आहे म्हणून. गळलेलं ज्वलनशील तेल जळाऊ भुशात मुरवून ठेवण्यात कसली सेफ्टी आहे ते मला कळत नाही. व्हर्मिक्युलाइट मिळतं, नर्सरीत कुंड्यांसाठी विकतात तेच, ते शोषतंही आणि जळतही नाही.

आणि थर्माकोल तर अजिबात नको. गेल्या उन्हाळ्यात एक गोणी उघडली तर संत्र्याचा इतका मस्त वास आला की पोरं म्हणाली काका कुणीतरी बर्फी पाठवली. बर्फी कसली, ड्रॉपरवाल्या बाटल्या होत्या. तेलाच्या वाफेने ड्रॉपरचा रबराचा फुगा फुगून मऊ पडला होता, तिथून तेल गळलं, आणि खोक्यात भरलेला थर्माकोल त्या तेलात विरघळून तळाशी पांढरा चिकट लगदा झाला होता. संत्र्याचं तेल थर्माकोल खातं हे पाठवणाऱ्याला माहितीच नव्हतं. पत्त्याची शाई पसरलेली, आणि शेजारच्या पाकिटातल्या लग्नपत्रिकांवर पिवळे डाग, त्या माणसाला काय उत्तर द्यायचं सांगा. गिऱ्हाइकाला ड्रॉपर आवडतो हे मला कळतं, पण तो वेगळा सुटा पाठवा, बाटलीला थेंब पाडायचं आतलं बूच आणि घट्ट स्क्रूचं झाकण लावा. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात तेल फुगतं, नियम असा आहे की ५५ डिग्रीला सुद्धा बाटलीत रिकामी जागा उरली पाहिजे. प्रत्येक बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत, आणि खोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना वर जाणारे बाण. बाण काढून सुद्धा खोकं आडवं टाकतात हे मी नाकारत नाही.

काही जण वाद घालतात की विमानात मी स्वतः अत्तर घेऊन जातो तेव्हा कुणी अडवत नाही. ती प्रवाशाला दिलेली सवलत आहे, स्वतःच्या वापराच्या वस्तूंना, एक बाटली अर्धा लिटरपर्यंत आणि सगळं मिळून दोन लिटर, आणि हँडबॅगेत १०० मिलीच्या आतल्या बाटल्या. पार्सलला ती लागू होत नाही. पोस्टात जातं असंही सांगतात, पण पोस्ट ज्वलनशील द्रव घेत नाही, खिडकीवर कुणी विचारलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. अमेरिकेतल्या मुलीला नीलगिरीची बाटली पाठवणारे आईवडील हेच करतात आणि मग बाटली कुठे गेली म्हणून ट्रॅकिंग बघत बसतात.

नावाला एक आणि आत दुसरं, ही परंपरा तशी जुनीच म्हणा. आपल्या खानदेशातलं रोशाचं तेल, म्हणजे तिखाडीचं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. तेव्हा नुकसान नाकाचं होत होतं, आता प्रश्न विमानाचा आहे.

नियमात छोट्या माणसाला वाट नाहीये असंही नाही. क्लास ३ मधल्या सौम्य गटाला, ज्यात आपली बहुतेक ज्वलनशील तेलं येतात, हवाई मार्गाने सुद्धा एक सवलत आहे, बाटली ३० मिलीची, एका खोक्यात मिळून एक लिटर, ठरलेलं लेबल, आणि खोकं १.८ मीटरवरून पाडलं तरी आत गळायला नको. मोठ्या मालाला लागतं ते लांबलचक डिक्लेरेशन याला लागत नाही. ३० मिली म्हणजे घरगुती तेलवाल्या ताईंच्या छोट्या बाटल्यांएवढंच. पण ही सवलत द्यायची की नाही हे कंपनीच्या हातात, आणि बहुतेक कंपन्यांना ट्रेन केलेला माणूस ठेवण्यापेक्षा नाही म्हणणं सोपं पडतं. मोठ्या एक्स्पोर्टरला एजंट मिळतो, बचत गटाला 'कॉस्मेटिक लिहा' मिळतं. नियम कडक आहेत म्हणून लोक खोटं लिहितात असं नाही, खरं लिहिलं की दार बंद होतं म्हणून लिहितात.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं पान छापाल तर प्रत्येक तेलासमोर त्याचा फ्लॅश पॉइंट छापा. तो एसडीएसमध्ये, म्हणजे सेफ्टी डेटा शीटमध्ये, नवव्या भागात असतो आणि वाहतुकीचा क्लास चौदाव्या भागात. डिस्टिलेशनवाल्याकडून तेल घेताना बिलाबरोबर हा कागद मागून घ्या असंही लिहा, तो देत नसेल तर तेल दुसरीकडून घ्या. आणि जमलं तर तुमच्या बातमीदाराला मोठ्या कुरिअर कंपन्यांना एक साधा प्रश्न विचारायला सांगा, की कुठलं तेल सरफेसने, म्हणजे जमिनीवरून घेता, कुठलं एअरने घेता आणि कुठलं अजिबात नाही, ते काउंटरवर मराठीत का लावत नाही. आम्ही फ्रँचायझीवाले विचारतो तेव्हा मेलला उत्तर येत नाही, तुम्हाला कदाचित येईल.

आपला,
एक कुरिअरवाला वाचक, नागपूर