गव्हाणी कुठे गेली?

संपादक महोदय,

डिसेंबर लागला की नाताळासाठी राजारामपुरीतली दुकाने लाल टोप्या आणि कापसाच्या दाढ्यांनी भरून जातात. त्याचे मला वावडे नाही. पण गेल्या वर्षी नात शाळेतून सांताची टोपी घालून आली. काय काय झाले विचारले, तर म्हणाली, "केक, डान्स, गिफ्ट." गोठा नाही, बाळ येशूला निजवले ती गव्हाणी नाही, येशूचे नावही नाही. कुणाला खटकू नये म्हणून धर्म वगळला, असे बाई म्हणाल्या. फार वाईट वाटले. ज्याचा वाढदिवस, त्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवायचे? आणि सांता तरी कोण? मूळचे चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, संत निकोलस.

आई 24 तारखेला करंज्या तळायची. शेजारच्या काकूंचा दिवाळीच्या फराळाचा डबा तेव्हा भरून परत जायचा. काकू आमच्याकडची गव्हाणी बघायला यायच्या, बाळासमोर हात जोडायच्या. त्यांचा धर्म त्यामुळे कधी बाटला नाही.

शाळेत गणपतीची गोष्ट सांगतात, ईदची सांगतात, ते योग्यच आहे. यंदा सांताशेजारी छोटी गव्हाणी मांडावी आणि पाच मिनिटे त्या बाळाचीही गोष्ट सांगावी, ही कळकळीची विनंती.

— एक आजी, कोल्हापूर