वर्ग घेणाऱ्या ताईंना, सातपूरहून

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही म्हणता, "फी दिलीत, शिकलात, फिटलं." म्हणून हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. आता अडवून दाखवा.

तुमच्या वर्गाची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत निम्म्या जणी हसल्या होत्या. झाडू-पोछा शिकायला वर्ग? आम्ही परकर-पोलक्यात असल्यापासून हेच करतोय. त्यात शिकवणाऱ्या बाई मुंबईच्या हॉटेलात हाऊसकीपिंगची नोकरी करून आलेल्या. त्यांना आमच्या गंगापूर रोडच्या काकूंची घरं काय कळणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

आणि तुम्ही पहिल्याच दिवशी झाडू न काढता टेबलावर फरशीचे तीन तुकडे मांडलेत: संगमरवर, शहाबादी, ग्रॅनाइट. तिन्हींवर टॉयलेट क्लीनरचा एकेक थेंब टाकलात. ग्रॅनाइट ढिम्म. संगमरवरावर मात्र बारीक फेस आला, आणि पुसून उजेडात तिरकं धरलं तर तिथली चकाकी गेलेली. शहाबादीवरही तोच फेस. हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड, आम्ल लागलं की झिजणारच, मग ते बाटलीतलं असो की लिंबाचं, असं तुम्ही सांगितलंत. हात लावायच्या आधी वस्तू कशाची आहे ते बघा, हे तुमचं वाक्य तेव्हापासून सुरू झालं ते शेवटपर्यंत.

कॉलेज रोडच्या एका घरात देवघरासमोरच्या संगमरवरावर पांढुरकी वर्तुळं आहेत. आधीच्या बाईंनी नीट घासलं नाही म्हणून ती पडली, असं तिथल्या काकू मला नेहमी ऐकवायच्या. वर्गातून आल्यावर मी तिथे गुडघे टेकून बघितलं. वर्तुळं बरोबर ताम्हणाच्या आणि समईच्या बुडाच्या मापाची होती. चिंच-लिंबानं पितळ घासायचं आणि ओलंच तिथे ठेवायचं, ही त्या घरातली जुनी पद्धत. तो मळ नव्हताच, दगडच खाल्ला गेला होता. घासून कुणाच्या बापाला निघणार नाही, पॉलिशवालाच बोलवावा लागेल. काकूंना समजावून सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तिला उगीच बोलले गं मी." ती बाई कधीच काम सोडून गेली होती. तिच्या वतीनेही तुमचे आभार.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडरचा धडा तर मी आता येईल त्या प्रत्येक नव्या मुलीला देते. आमच्यातली एक जण दिवाळीच्या साफसफाईत संडासात दोन्ही एकदम टाकायची, वर दार लावून घासायची. ठसका लागला, डोळे चुरचुरले की औषध जोरदार आहे म्हणायची! त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो, हे तिला इतक्या वर्षांत ना कुठल्या मालकिणीने सांगितलं होतं ना दुकानदाराने. फिनाईल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, हेही त्याच दिवशीचं. त्या संध्याकाळी माझ्यासकट कितीतरी घरांतल्या मोऱ्या तपासल्या गेल्या असतील.

फडक्यांचं मला सगळ्यात आवडलं. हॉटेलात चार रंगांची मायक्रोफायबर फडकी असतात: संडासाला लाल, बेसिनला पिवळं, स्वयंपाकघराला हिरवं, बाकी घराला निळं. आमच्याकडे ती कोण आणून देणार? तेव्हा तुम्ही पिशवीतून जुन्या सुती साडीचे तुकडे आणि दोऱ्याची रिळं काढलीत आणि वर्गभर फडक्यांना रंगीत धाग्याची काठाची टीप घालायला लावलीत. लाल काठाचं फडकं माझ्या हाताने आता ओट्याजवळ जातच नाही. एका वहिनींनी ते बघून स्वतः चार रंगांचा संच आणला. पण धुताना कंडिशनर घालून त्या त्याची पाणी शोषायची ताकदच घालवतात, तेवढं एक अजून पटवायचं आहे.

सगळंच पटलं असंही नाही हं. दार वाजवून "गुड मॉर्निंग" म्हणायचं तुमचं शास्त्र इंदिरानगरच्या आजींपुढे चाललं नाही. त्या म्हणाल्या, "काय गं, ताप-बीप आलाय का?" तिथे मी आपली "आजी, आले गं" अशीच हाक मारून घरात शिरते.

पण खरे आभार मानायचेत ते कामाच्या कागदाचे. आमच्यात भाव ठरतो कामावर: भांड्यांचे इतके, कपड्यांचे इतके, केर-फरशीचे इतके. मग पाहुणे आले, माळा काढला, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गच्चीपासून जिन्यापर्यंत रंग खरवडला, ते सगळं "अगं एवढं कर ना" मध्ये जातं. तुम्ही वेळ मोजायला शिकवलंत. किती खोल्या, किती तास, महिन्याच्या सुट्ट्या किती, आजारपणात काय, दिवाळीला काय, जादा कामाचे किती, हे एका पानावर. स्वतः मालकीण होऊन तुम्ही आमच्याशी घासाघीस केलीत आणि काय नाठाळ मालकीण झालात! २०११ साली जिनिव्हात घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात कामाच्या अटी समजतील अशा, आणि शक्यतो लेखी द्याव्यात असं म्हटलंय, हे तुमच्याकडूनच कळलं. आपल्या देशाने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

कागद पुढे केल्यावर एका घराने सरळ दुसरी बाई बघितली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन घरांनी मात्र वाचून सह्या केल्या, आणि एका काकांनी तर सुट्टीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने आकडा वाढवला. आता पूर्वीपेक्षा कमी घरं करते आणि पैसे कमी येत नाहीत.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. अठरा ते साठ वयाच्या बाईला नोंदणी करता येते. इतकी वर्षं आम्हाला पत्ता नव्हता. तुम्ही कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला लावून आम्हाला रांगेत उभं केलंत. आणि २०१३ च्या कायद्याने घरात काम करणाऱ्या बाईलाही लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर दोघी जणी तुमच्याजवळ थांबल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं ते त्याच सांगतील, मी नाही.

नवा वर्ग घेणार असं कानावर आलंय. दुपारी तीनच्या पुढेच ठेवा, त्याआधी कुणीही घरांतून सुटत नाही. पुढून उघडणारं वॉशिंग मशीन आणि बिछान्यावरच्या म्हाताऱ्या माणसाची चादर बदलणं, या दोन गोष्टी यंदा घ्याच. घरोघरी आता हेच विचारतात. अंबडहून येणाऱ्या बायका बऱ्याच आहेत, तेव्हा हॉल बसस्टॉपच्या जवळचा बघा. दगडांचे तुकडे मी आणते. एका फरशीवाल्याला सांगून ठेवलंय, त्यात कडप्पाही आहे.

तुमची विद्यार्थिनी,
सातपूर, नाशिक