‘हौशी’ या एका शब्दाबद्दल

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या क्रीडा पानावर अगदी खाली दोन ओळींची एक बातमी होती. आमच्या भागातल्या एका मुलीची कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्नूकर स्पर्धेसाठी राज्याकडून निवड झाली, अशी. बातमीत तिचा उल्लेख ‘हौशी स्नूकरपटू’ असा होता. तिच्या आईने ते कात्रण कापून प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, निवडीच्या पत्राला जोडलं आणि हजेरीची सवलत मागायला कॉलेजच्या ऑफिसात गेली. मुलगी माझ्याकडे शिकते, म्हणून मीही बरोबर होतो. तिथल्या गृहस्थांनी पत्र बाजूला सारलं, कात्रण वाचलं, ‘हौशी’वर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हौसेनं खेळते ना? मग सुट्टीत खेळू दे की.” अर्ज नामंजूर झाला.

त्यांच्यावर मी चिडलो, पण घरी येईपर्यंत राग उतरला. मराठी माणसाला हौशी म्हटलं की गणपतीत नाटक बसवणारी मंडळी आठवतात. त्यांनी शब्दाचा रोजचा अर्थ घेतला. या खेळात तो शब्द कशासाठी वापरतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

माझे वडील पुण्यात कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, एवढंच लोकांना वाटतं. खरं तर सबंध टेबल त्याच्या जिवावर असतं. हिरव्या कापडाखाली दगडाच्या पाच जड लाद्या असतात, त्यांच्या सांध्यात केसाएवढा फरक पडला तरी हळू जाणारा चेंडू वाट सोडतो. कापड लोकरीचं असतं, त्याला मांजराच्या पाठीसारखी लव असते आणि ती बॉल्ककडून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाकडून, काळ्या चेंडूच्या दिशेने वळलेली असते. वडील रोज सकाळी त्याच दिशेने ब्रश मारायचे, मग इस्त्री फिरवायचे. इस्त्री कापडाला लावण्याआधी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून बघायचे. कागद पिवळा पडला तर थांबायचे. सोमवारी क्लब बंद असे, त्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांच्या परवानगीने मी टेबलाला हात लावू शकत होतो. माझा खेळ त्या सोमवारांवर तयार झाला.

पुढे मी टपाल खात्यात लागलो. नोकरी सांभाळून राज्याच्या निवड चाचण्या खेळलो आणि चार वेळा राष्ट्रीय स्पर्धेला गेलो. एकदा शेवटच्या सोळांत पोहोचलो. ते चारही प्रवास स्वतःच्या खर्चाने केले, अर्जित रजा टाकून. क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, पेटी रात्रभर बर्थवर अंगाशी धरून झोपायचो. क्यू वाकला किंवा सांध्यात ढिला झाला तर दुसऱ्याचा क्यू घेऊन खेळणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणं.

राष्ट्रीय स्पर्धा कशी असते ते सांगतो, कारण ती बघायला फारसं कुणी येत नाही. टेबलं मोजकी, खेळाडू खूप. सकाळी दहाचा सामना दुपारी चारला लागतो, रात्रीचा सामना मध्यरात्रीनंतर. आणि टेबलापाशी उभं राहणं हा या खेळाचा अर्धाच भाग. समोरच्याचा ब्रेक, म्हणजे सलग चेंडू पाडत जाण्याची पाळी, चालू असेल तर तुम्ही खुर्चीत बसायचं. कुस्तीत पकड सोडवायला धडपडता येतं, क्रिकेटमध्ये फलंदाज झोडपत असला तरी पुढचा चेंडू तुमच्याच हातात असतो. इथे मांडीवर क्यू आडवा ठेवून बघत बसायचं, वीस मिनिटं, कधी अर्धा तास. हात थंड पडतात. मग समोरचा एकदा चुकतो आणि त्या थंड हाताने उठून तुम्हाला बारा फुटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा लाल चेंडू पॉकेटमध्ये पाडायचा असतो. पाडला नाहीत तर परत खुर्ची.

माझा शेवटच्या सोळांतला सामना निर्णायक फ्रेममध्ये, म्हणजे शेवटच्या डावात, गेला. मी ९ गुणांनी मागे होतो. टेबलावर गुलाबी आणि काळा राहिले होते, म्हणजे ६ आणि ७. दोन्ही पाडले की फ्रेम माझी. गुलाबी पडला. पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा चेंडू, काळ्याजवळ थांबायला हवा होता तो पुढे वीतभर गेला. कापड नवीन होतं, आमच्या क्लबातल्या कापडापेक्षा कितीतरी वेगवान. काळ्यासाठी रेस्ट (क्यूला टेकू देणारी दांडी) घ्यावी लागली आणि तो पॉकेटच्या जबड्यात खडखडून बाहेर राहिला. त्या वीतभराची किंमत मला आजही ठाऊक आहे, आणि ही मुलगी नेमकी त्याच अडचणीत आहे म्हणून हे सगळं लिहितो आहे. ती ज्या स्नूकर पार्लरमध्ये सराव करते तिथे खिडक्या उघड्या असतात. पावसाळ्यात कापड दमट होतं, चेंडू जड चालतो, कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, निर्जीव परततो. स्पर्धेचं सभागृह वातानुकूलित, कापड ताजं. तिथे तोच जोर लावला की पांढरा पळत सुटतो. हा फरक ओळखायला पहिला दिवस जातो आणि तेवढ्यात गटातले दोन सामने हातचे जातात. यावर उपाय एकच, चांगल्या टेबलावर जास्त दिवस खेळणं. त्यासाठी लागते ती हजेरीची सवलत.

आता शब्दाकडे येतो.

स्नूकरमध्ये जागतिक व्यावसायिक टूर आहे, तिच्यावर साधारण १२८ खेळाडू असतात. ज्याच्याकडे त्या टूरवर खेळायचं कार्ड नाही तो हौशी. बस, एवढाच अर्थ. तो किती तास सराव करतो, किती चांगला खेळतो, याच्याशी त्या शब्दाचा काहीही संबंध नाही. भारतातले जवळजवळ सगळे खेळाडू या अर्थाने हौशी आहेत. पंकज अडवाणी २०१२ मध्ये व्यावसायिक झाला, दोन मोसम खेळला आणि पुन्हा इकडे आला. २०१५ मध्ये इजिप्तमध्ये आणि २०१७ मध्ये दोह्याला त्याने जागतिक स्नूकर विजेतेपद जिंकलं, ते हौशी खेळाडूंच्याच जागतिक स्पर्धेत. त्याला कुणी हौसेखातर खेळणारा म्हणेल का? (अडवाणीचा जन्म पुण्याचा आहे, हे पुण्यातल्याच अनेकांना सांगावं लागतं. वाढला मात्र तो कुवेत आणि बंगळुरूमध्ये, आणि त्याचं श्रेय त्या शहराला आहे.)

ही जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा पहिल्यांदा १९६३ मध्ये भरली ती कोलकात्यात. इंग्लंडचा गॅरी ओवेन जिंकला. खेळाचा जन्मही आपल्याच देशातला, १८७५ च्या सुमाराला जबलपूरच्या लष्करी मेसमधला. तरी भारतीय विजेता व्हायला १९८४ उजाडलं. ओम अगरवाल यांनी डब्लिनमध्ये वेल्सच्या टेरी पार्सन्सला ११-७ हरवलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. वडिलांनी त्या दिवशी क्लबात येणाऱ्या प्रत्येक सभासदाला दारातच ती बातमी सांगितली. त्यानंतर पुन्हा एकोणीस वर्षं थांबावं लागलं. २००३ मध्ये चीनमध्ये जियांगमेनला अठरा वर्षांच्या अडवाणीने पाकिस्तानच्या सालेह मोहम्मदला हरवलं.

१९८७ मध्ये ही स्पर्धा बंगळुरूला झाली तेव्हा मी रजा काढून फक्त बघायला गेलो होतो. वेल्सचा डॅरेन मॉर्गन विजेता ठरला. तिथे मी एक शिकलो आणि ते आज मुलांना शिकवतो. चेंडू पॉकेटकडे निघाला की आपल्याकडचे प्रेक्षक पॉकेटकडे बघायचे. ते मोठे खेळाडू मात्र पांढऱ्याकडे बघत असत. पडणारा चेंडू त्यांच्या दृष्टीने झालेलं काम होतं, पुढचं काम पांढरा कुठे थांबतो यात होतं. पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा आणि शेवटी सहा रंग, असे सलग ३६ चेंडू पाडले की १४७ गुण होतात. यात शेवटचा काळा सोडून ३५ वेळा पांढरा बरोबर जागी थांबावा लागतो. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१४ मध्ये जर्मनीत व्यावसायिक स्पर्धेत हे करून दाखवलं. तो मुलगाही याच राष्ट्रीय आणि जागतिक हौशी स्पर्धांच्या वाटेने तिथवर गेला होता.

वाट तीच आहे, हे मला आवर्जून सांगायचं आहे. आयर्लंडचा केन डोहर्टी १९८९ मध्ये सिंगापूरला हौशी जगज्जेता होता, १९९७ मध्ये व्यावसायिक जगज्जेता झाला. इंग्लंडचा स्टुअर्ट बिंगहॅम १९९६ मध्ये हौशी जगज्जेता, २०१५ मध्ये व्यावसायिक. २०१४ मध्ये ही स्पर्धा पुन्हा बंगळुरूला आली तेव्हा यान बिंगताओ हा चौदा वर्षांचा चिनी मुलगा जिंकून गेला. चौदा वर्षांचा! त्याच्या शाळेने त्याला सुट्टीत खेळ म्हणून सांगितलं नसणार.

आणि स्नूकरच्या शेजारच्या बिलियर्ड्सकडे पाहिलं तर आपल्या महाराष्ट्राने या ‘हौशी’ शब्दाखाली काय मिळवलं ते दिसतं. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता होणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला ते पुन्हा जिंकले. माझे वडील त्यांचं नाव घेताना हातातलं काम थांबवायचे. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीन वेळा जगज्जेते. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली, कारण सुनील गावसकर यांना पद्मभूषण मिळालं होतं आणि आपला खेळ त्यापेक्षा कमी लेखला जाऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्यांना पद्मभूषण मिळालं. तेव्हा मला ते फार धाडसाचं वाटलं होतं, आज फक्त योग्य वाटतं.

अलीकडचं उदाहरण याच मुलीने मला सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईची अनुपमा रामचंद्रन दोह्याला महिलांच्या जागतिक स्नूकर स्पर्धेत उतरली आणि अंतिम सामन्यात हाँगकाँगच्या एन्ग ऑन यीला ३-२ हरवून विजेती झाली. एन्ग ऑन यी ही तीन वेळची महिला जगज्जेती. निर्णायक फ्रेमपर्यंत गेलेला सामना! आमच्या पार्लरमध्ये त्या संध्याकाळी मुलांनी दोन्ही टेबलांवरचा खेळ थांबवून मोबाइलवर निकाल पाहिला. या मुलीने त्या दिवशी नेहमीपेक्षा एक तास जास्त सराव केला आणि त्या तासाचे पैसे मालकाने घेतले नाहीत.

पार्लरबद्दलही एक वाक्य लिहू द्या. तिथे सिगारेट असते, पैज असते, म्हणून आईवडील मुलींना पाठवत नाहीत, हे मला माहीत आहे. क्लबांचं सभासदत्व आमच्यासारख्यांना परवडणारं नाही, त्यामुळे पार्लर सोडून आम्हाला दुसरी जागा नाही. ज्या मालकांनी सिगारेट बंद केली, सकाळची वेळ मुलांसाठी ठेवली, त्यांच्याकडून खेळाडू येत आहेत.

२०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारताचं पहिलं सुवर्ण अडवाणीने बिलियर्ड्समध्ये मिळवलं होतं. त्यानंतरच्या आशियाई स्पर्धांतून हे खेळच वगळले गेले. ऑलिंपिकमध्ये तर ते कधीच नव्हते. त्यामुळे शाळा-कॉलेजांत, नोकरीच्या ठिकाणी आमच्याकडे दाखवायला एवढंच उरतं: राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि वर्तमानपत्रातलं कात्रण. प्रमाणपत्र इंग्रजीत असतं, कुणी वाचत नाही. कात्रण वाचतात. म्हणून तुमच्या दोन ओळींचं वजन तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त आहे.

माझी विनंती साधी आहे. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडल्या गेलेल्या मुलामुलीला ‘राष्ट्रीय स्नूकरपटू’ लिहा, किंवा नुसतं ‘स्नूकरपटू’. ‘जागतिक हौशी स्पर्धा’ असं स्पर्धेचं नाव असेल तिथे ते लिहावंच लागेल, पण तेव्हा अर्धं वाक्य पुढे जोडा की व्यावसायिक टूरबाहेरची ही सर्वोच्च स्पर्धा आहे. आणि निकाल छापताना नुसतं जिंकला-हरला न लिहिता फ्रेमचे गुण द्या. ३-२ आणि ३-० यांत काय फरक आहे ते खेळणाऱ्याच्या घरच्यांना कळतं, आणि एखाद्या ऑफिसातल्या गृहस्थांनाही कळेल.

मुलगी पुढच्या आठवड्यात निघते आहे. तिकिटं काढली आहेत, शयनयान वर्गाची, आई बरोबर जाते. हजेरीची सवलत नाहीच, दिवस बुडतील. क्यूला नवी टिप मी परवा लावून दिली आणि ती बसावी म्हणून रोज तासभर नुसतं काळ्यावर खेळायला सांगितलं आहे. निकाल लागला की मी तो फ्रेमच्या गुणांसह आपल्याकडे पाठवीन. छापलात तर ते कात्रण घेऊन पुन्हा त्याच ऑफिसात जाणार आहे.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त टपाल कर्मचारी), पुणे

(नाव व पत्ता सोबत कळवला आहे. मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून तो छापू नये, ही विनंती.)