स्वखुशीने

प्रिय सखे,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. हवी तेवढी रागव. माझा गुडघा बरा आहे, ह्यांची शुगर आटोक्यात.

दादाने बाबांच्या घराचं हक्कसोडपत्र पाठवलंय. टाइप करून तयार, सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या. आत लिहिलंय, 'स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय'. मला न विचारताच माझी खुशी टाइप झाली गं! तिथेच अडकले. ताईने सही दिली. म्हणे, माहेर तुटायला नको.

वकीलबाई म्हणाल्या, बाबांचं स्वकष्टाचं घर, मृत्युपत्र नाही, आता आईही नाही, म्हणजे तिघांचा सारखा वाटा. तोही 1956च्या हिंदू वारसा कायद्यापासून. मी सगळं त्यातल्या 2005च्या दुरुस्तीचंच समजत होते. फक्त तोवर राहत्या घराची वाटणी मुलग्यांनी ठरवल्याशिवाय मुलींना मागताच येत नसे. ते कलम 2005 साली गेलं. आणि हक्कसोड एकदा नोंदवलं की मागे घ्यायचं तर कोर्टाची पायरी. 28 तारखेला निबंधकाकडे बोलावलंय.

दादाचंही खरं आहे. 11 वर्षं आईसाठी रात्री-बेरात्री उठले ते तो आणि वहिनी. मी चार दिवसांची पाहुणी. समोर बसून त्याने मागितलं असतं तर कदाचित दिलंही असतं. पण आईचं कपाट आम्हाला न सांगता रिकामं केलं. तिच्या हातची शिवणाची पेटीसुद्धा दिसली नाही. विचारलं तर म्हणाला, "तुला काय कमी आहे?" आणि फोन ठेवला. लहानपणी भांडण झालं की हाच दाराआडून मला हाका मारायचा.

तू तेव्हा सही नाकारलीस आणि मी तुला म्हटलं, "चार भिंतींसाठी भावाला तोडतेस?" दोन वर्षं बोलली नाहीस. बरोबर केलंस. ते वाक्य मी परत घेते. खूप उशिरा, पण मनापासून.

लेकीचं बाळंतपण नीट झालं ना? तुझ्या पेन्शनचे कागद हलले का? सविस्तर कळव, पण टाइप करून. तुझं अक्षर तुझ्या लेकीलाही लागत नाही!

आणि एवढं नक्की लिही. सही न करता तू घरी आलीस, त्यानंतर पहिला फोन कोणी केला? तू, की त्याने?

तुझीच