परसातले कलिंगड फुलापाशी अडते

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत परसबागेतल्या कलिंगडावरचे टिपण वाचले. ऐन थंडीत हा विषय छापलात ते बरे झाले, कारण लावणीचे दिवस हेच. पण त्यातल्या तीन सल्ल्यांपायी वाचकांचा अख्खा हंगाम फुकट जाईल, अशी काळजी वाटते. खाल्लेल्या फळाचे बी लावावे, त्याला १२ इंची कुंडी पुरते, आणि कोवळी फळे गळू लागली की मूठभर युरिया टाकावा, असे त्यात म्हटले आहे. तिसरा सल्ला सर्वांत नुकसानीचा, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

कलिंगडाच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. पेरणीनंतर साधारण ३५ दिवसांनी नर फुले दिसू लागतात आणि पहिला आठवडाभर बहुधा तीच येत राहतात. ती सकाळी उमलून दुपारी मिटतात आणि गळून जातात. त्यात काळजीचे काही नाही. पुढे अंदाजे दर सहा-सात पेरांवर एक मादी फूल येते. पाकळ्यांच्या खाली वाटाण्याएवढे, पांढरी लव असलेले हिरवे कलिंगड आधीच बसलेले दिसले की ते मादी फूल. पुष्कळ जण हे पाहून ‘फळ लागले’ म्हणतात आणि तिथेच फसतात. पराग पोचला तर ते दोन-तीन दिवसांत मान खाली घालते, लव चमकू लागते आणि आठवड्यात ते लिंबाच्या पुढे जाते. पराग पोचला नाही तर ते टोकाकडून पिवळे पडते, सुरकुतते आणि काळपट होऊन गळते. म्हणजे गळाले ते फळ मुळात धरलेलेच नव्हते. त्याला खत घालून काय होणार?

कलिंगडाचा पराग जड आणि चिकट असतो, तो वाऱ्याने उडत नाही. तो मधमाशीनेच न्यावा लागतो, आणि एखादी माशी एकदा बसून गेली एवढ्यानेही भागत नाही. मादी फुलावर मधमाश्यांच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. हे फूल आयुष्यात एकदाच, एकाच सकाळी उघडते. शेतकरी शेतात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात त्या यासाठीच. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत किंवा भिंतींनी वेढलेल्या अंगणात मधमाश्या पुरेशा येत नाहीत, तिथे हे काम आपल्या हाताने करायचे.

वेळ सकाळी ७ ते ९. पाने दवाने ओली असतील तर फुलांवरचे दव वाळेपर्यंत थांबावे, कारण ओला पराग गोळा होतो. त्याच दिवशी उमललेले नर फूल देठासकट खुडावे आणि अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून पाहावे. नखावर पिवळी पूड उतरली तर फूल कामाचे. मग त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्या किंवा काढून टाकाव्या आणि मधला पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर टेकवावा. मादी फुलाच्या मध्याला तीन फुगीर भाग असतात. तिन्हींवर पिवळेपणा दिसेल इतका पराग लागला पाहिजे. एकाच भागाला लागला तर बिया एका अंगाला भरतात आणि फळ वाकडे, एकीकडे बसके होते. एका मादी फुलासाठी दोन नर फुले वापरली तर उत्तमच. खालच्या लवदार गोळ्याला मात्र बोट लावू नये, तो फार नाजूक असतो. शेवटी देठाजवळ रंगीत दोरा सैल बांधून तारीख लिहून ठेवावी. ही तारीख पुढे फळ काढताना लाखमोलाची ठरते.

याच कारणासाठी कसलीही फवारणी सकाळी करू नये. निंबोळी अर्कसुद्धा संध्याकाळी, फुले मिटल्यावरच फवारावा.

आता युरिया. शेतात कलिंगडासाठी साधारणपणे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश धरतात. घरी एका वेलाला दोन चौरस मीटर जागा दिली तर हिशेबाने संपूर्ण हंगामाचा युरिया होतो सुमारे ४४ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे ६२ ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश १७ ग्रॅम. मूठभर युरिया म्हणजे तीन महिन्यांचा डोस एका दिवसात! त्याने वेल माजतो. पाने गर्द हिरवी आणि मोठी होतात, शेंडा जाड होऊन जमिनीपासून वीतभर वर मान काढतो आणि फळे धरायचे नाव घेत नाहीत. असा माजलेला वेल दिसला तर खत बंद करावे, पाणी थोडे आवरावे आणि जादा फुटवे काढावे. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश लावणीच्या वेळी मातीत मिसळावे. युरिया १५-१५ ग्रॅमच्या तीन हप्त्यांत, बुंध्यापासून वीतभर लांब गोलाकार टाकून, मातीआड करून पाणी द्यावे. फळ मोसंबीएवढे झाल्यावर युरिया देऊ नये. पालाश हवे असल्यास ०:०:५० हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात एकदा-दोनदा मुळाशी द्यावे. रासायनिक खत नको असणाऱ्यांनी आळ्यात चांगले कुजलेले शेणखत ८ ते १० किलो आणि निंबोळी पेंड पाव किलो घालावी, आणि वेल पळू लागला की दर पंधरा दिवसांनी दोन ओंजळी गांडूळखत द्यावे. अर्धवट कुजलेले शेणखत मात्र नको. त्यात मुळे कुरतडणारी हुमणी अळी येते आणि मुळेही भाजतात.

बियाण्याचे म्हणाल तर बाजारात येणारी बहुतेक फळे संकरित वाणांची असतात. त्यांच्या बियांतून आलेले वेल एकसारखे निघत नाहीत. एकाला गोड फळ, दुसऱ्याला पांढरट, तिसऱ्याला जाड सालीचे. तीन महिने पाणी घालून हे कळायचे, यात शहाणपण नाही. घरासाठी शुगर बेबी हे जुने, सरळ (म्हणजे संकरित नसलेले) वाण उत्तम. गडद हिरवी साल, लालभडक गर, ३ ते ५ किलोचे फळ आणि ८५ दिवसांच्या आसपास तयार. वेल आटोपशीर राहतो आणि त्याचे बी पुढच्या वर्षी धरता येते, मात्र शेजारी दुसरे कलिंगड नसावे. जागा भरपूर असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का माणिक घ्यावे. भुरी, केवडा आणि करपा या रोगांना ते चांगले तोंड देते, पण त्याला दोन-तीन आठवडे जास्त लागतात. बिनबियांचे वाण घरी लावू नये. त्याच्या परागात दम नसतो, शेजारी बियांचे वाण लावावेच लागते.

कुंडीचे माप चुकल्याने बरेच वेल फळ धरल्यावर बसतात. १२ इंची कुंडीत फार तर २०-२२ लिटर माती मावते, एप्रिलच्या उन्हात ती दुपारपर्यंत कोरडी होते. एका वेलाला किमान १८ बाय १८ इंचांची ग्रो बॅग किंवा अर्धा कापलेला २०० लिटरचा पिंप हवा. माती ४ भाग, शेणखत किंवा गांडूळखत ३ भाग, कोकोपीट ३ भाग. अशी बॅग भिजल्यावर ७०-८० किलो भरते, म्हणून गच्चीवर ती तुळईच्या रेषेत किंवा भिंतीलगत ठेवावी, स्लॅबच्या मधोमध नाही. जमीन असेल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, दोन वेलांत दीड-दोन मीटर अंतर आणि दिवसाला निदान ७-८ तास थेट ऊन. आंब्याच्या सावलीत कलिंगड होत नाही. मागच्या तीन वर्षांत काकडी, दोडका किंवा भोपळा झालेली जागाही टाळावी, मर रोग मातीत टिकून असतो.

कोकणात भाताची कापणी झाली की खाचरात कलिंगड टोकतात. डिसेंबर मध्यापासून जानेवारी अखेर हा तिथला हंगाम, घरालाही तोच धरावा. पुणे-नाशिककडे कडाक्याच्या थंडीत बी जमिनीत कुजते, म्हणून रोपे घरात, उबेला करावी. बी कोमट पाण्यात ८-१० तास भिजवून ओल्या फडक्यात बांधावे आणि मोड दिसताच कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर खोल लावावे. पाकिटातले बी औषध चोळलेले, रंगीत असेल तर भिजवू नये. दोन खरी पाने आली की, म्हणजे १२ ते १५ दिवसांत, मातीच्या गोळ्यासकट रोप हलवावे. याहून उशीर केला तर मुळे दुखावतात आणि वेल पंधरवडाभर तिथेच बसतो. मार्चमध्ये लावणाऱ्यांची दोन नुकसाने होतात. वाढत्या उष्णतेत नर फुले जास्त आणि मादी कमी येतात, शिवाय फळ तयार व्हायला आणि वळीव यायला एकच गाठ पडते. पिकत्या फळाला एकदम पाणी मिळाले की ते तडकते किंवा पचपचीत होते.

वेल पाच-सहा पानांचा झाल्यावर शेंडा खुडावा, तीन जोमदार फांद्या ठेवाव्या आणि बाकीच्या काढाव्या. बुंध्याजवळचे पहिले मादी फूल तोडून टाकावे. तिथे पाने कमी असल्याने फळ लहान आणि जाड सालीचे होते. आठव्या पेराच्या पुढचे फूल धरावे. जमिनीत एका वेलावर दोन फळे, बॅगेत एकच. चार ठेवली की चारही अळणी. मांडवावर वेल चढवला असेल तर फळ नारळाएवढे झाल्यावर जुन्या सुती साडीची झोळी करून मांडवाला बांधावी, देठावर भार येऊ देऊ नये. जमिनीवरच्या फळाखाली पेंढा किंवा उसाचे पाचट घालावे.

पाण्यात नेमकेपणा हवा. फळ फुगताना मोकळ्या जमिनीतल्या वेलाला रोज ५ ते ६ लिटर पाणी लागते, तेही रोज तेवढेच. दोन दिवस कोरडे आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर असे केले की साल तडकते, आणि फुलाकडचे टोक काळे, चामड्यासारखे होते. हे टोक पाहून लोक बुरशीचे औषध मारतात, पण मूळ कारण अनियमित पाणी. त्यामुळे कॅल्शियम टोकापर्यंत पोचत नाही. दुपारी दोनला पाने मलूल दिसली तर घाबरू नये, संध्याकाळी ती सावरतात. सकाळीच मलूल असतील तर पाणी कमी पडते आहे. माती ओली असून एकच वेल सुकत चालला तर मर समजावी आणि तो मुळासकट काढून टाकावा.

किडींत पहिला शत्रू लाल भुंगेरा. तो रोपाची पहिली पाने चाळणी करून सोडतो. सकाळी दवात तो सुस्त असतो, तेव्हा हाताने वेचावा आणि पानांवर चुलीची चाळलेली राख धुरळावी. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या की ती नागअळी, तसली पाने खुडून जाळावी. फळमाशीबाबत एक चूक सर्रास होते. आंब्यासाठी आणलेला मिथाइल युजेनॉलचा सापळा कलिंगडाजवळ टांगतात. वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी त्या वासाला येत नाही, तिच्यासाठी क्यू ल्युअर या वेगळ्या गंधाची वडी लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा असेल तर आतली वडी तेवढी बदलावी. शिवाय फळ धरल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला कागदी पिशवी सैल घालावी आणि साल टणक होईपर्यंत ठेवावी. माशी कोवळ्या सालीतच अंडी घालते.

फळ काढायची घाई करू नये, कारण कलिंगड तोडल्यावर गोडी वाढत नाही. दोऱ्यावरची तारीख पाहावी. शुगर बेबी परागीभवनानंतर ३० ते ३५ दिवसांत होते, थंडी लांबली तर आणखी चार-पाच दिवस. मग देठाजवळची स्प्रिंगसारखी बाळी पाहावी, ती तपकिरी होऊन वाळलेली हवी. फळ उलटून जमिनीला टेकलेला डाग पाहावा. पांढरा असेल तर थांबावे, लोण्यासारखा पिवळट झाला असेल तर तयार. टिचकीला टणटण वाजले तर कच्चे, बदबद वाजले तर पिकलेले. आवाजाला कान तयार व्हावा लागतो, म्हणून नवख्यांनी डाग आणि बाळी यांवरच विसंबावे. तोडणीच्या आदल्या पाच-सहा दिवसांत पाणी निम्म्यावर आणले की फळात गोडी भरते.

शेजारी कारले किंवा काकडी लावल्याने कलिंगड कडू किंवा अळणी होते, हा समज अजून फार घट्ट आहे. कलिंगडाचा काकडीशी किंवा कारल्याशी संकर होतच नाही. कलिंगड अळणी निघाले तर ऊन, पाणी, फळांची संख्या आणि तोडणीची तारीख तपासावी. कारल्याचा वेल उपटू नये. त्याच्या फुलांनी मधमाश्या परसात येतील, तर त्या कलिंगडावरही बसतील.

आपला,
एक वाचक
ता. अलिबाग, जि. रायगड