कीटक कोरण्याआधी लाकूड पाहा

संपादक महोदय,

मुलांच्या वुडकट (लाकूड कोरून उरलेल्या उंच भागावर शाई लावून छापण्याच्या) कार्यशाळांत चतुर, रातकिडा, फुलपाखरू हे विषय आवडीने दिले जातात. विषय छानच, पण सोबत दिलेला प्लायवूडचा तुकडा त्याला झेपत नाही. प्लायचा वरचा थर जेमतेम कागदाएवढा. तंतूंना आडवी पटाशी लागली की ढलपी उडते आणि चतुराचा पाय तिच्याबरोबर जातो. दोष मुलाच्या हाताला दिला जातो.

जपानी चित्रकार उतामारोच्या १७८८ च्या कीटकचित्रांतील बारीक मिशा टिकल्या, कारण तिथले कारागीर चेरीचे घट्ट लाकूड घेत आणि रेषेच्या दोन्ही बाजू आधी सुरीने कापत. इंग्लंडात लाकूडकोरक टॉमस ब्युइकने पक्षी कोरले ते बॉक्सवूड या घट्ट लाकडाचे खोड आडवे कापून केलेल्या ठोकळ्यावर. तिथे तंतूंची टोके वर येतात, म्हणून हत्यार कोणत्याही दिशेला सारखेच चालते.

आपल्याकडे सागापेक्षा हेदूसारखे बारीक पोताचे लाकूड बरे. लांब मिशा आणि पाय शक्यतो तंतूंच्या दिशेने येतील असे चित्र बसवावे. सुरीचे टोक रेषेपासून बाहेर कलते हवे. ते रेषेखाली शिरले की रेषा तळातून पोकळ होते आणि छापताना दाबाने तुटते. नवख्यांनी तर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कीटक करावा. मिशी म्हणजे व्ही आकाराच्या पटाशीचा एकच चर, तुटायला काही उरतच नाही!

बारीक रेषांमध्ये मिलिमीटरभर खोली पुरते. मोकळ्या जागा मात्र ३-४ मिलिमीटर खोदाव्यात, नाहीतर शाईचा रूळ तळाला टेकून डाग उमटतात. शाई तेलाची, थर पातळ, हवे तर दोनदा रूळ फिरवावा. जाड शाई पंखांच्या जाळीत भरते आणि पंख काळा ठिक्कर पडतो. पाण्याच्या शाईने लाकूड फुगते; पावसाळ्यात तर ठोकळा वाकतोसुद्धा.

आणखी एक चूक प्रदर्शनांतही दिसते. ठोकळ्यावर सुलटे काढलेले चित्र छापात उलटे येते. रातकिड्याचा उजवा पंख सहसा डाव्यावर असतो, छापात तो डाव्याखाली जातो. गोगलगायीचा शंखही उजवा असला तर डावा होतो. जपानी कारागीर पातळ कागदावरचे चित्र ठोकळ्यावर पालथे चिकटवून त्यावरूनच कोरत. आपण ट्रेसिंग पेपर पालथा घालून कार्बनने गिरवला तरी भागते.

– मुद्राचित्रण शिकवणारे काही शिक्षक, कोल्हापूर